इटलीची बरणी

वय झालं की माणसानं आपल्या जुन्या चुका धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवाव्यात म्हणतात. माझी एक चूक अजून ओलीच आहे. तीच आधी सांगून टाकते. बाविसाव्या वर्षी मी दादरहून टाचांचे सँडल आणले. टाच अशी, की त्यावर उभं राहिल्यावर अख्खं पेण गाव मला खुजं दिसावं. प्रत्यक्षात दिसली ती जिन्याची सर्वांत वरची पायरी आणि मग एकदम सर्वांत खालची. मधल्या पायऱ्यांची भेट झाली, पण ओळख करून घ्यायला वेळ मिळाला नाही.

पाय मोडला. तो पुढे जुळलाही. आता पावसाळ्यात जरा कुरकुरतो, पण त्याला माफ आहे, मीही कुरकुरते. नुकसान झालं ते दुसऱ्याच कुणाचं.

तेव्हा मी पेणच्या एका बँकेत नवी कारकून होते आणि एका पापडवाल्या काकूंच्या माडीवर भाड्याने राहत होते. पुण्याहून आलेली, म्हणजे स्वतःबद्दलची मतं ट्रंकेत भरून आणलेली. काकू खाली राहत. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी बाई, नऊवारी घोट्यावर खोचलेली, हातांना कायम हिंगाचा आणि पापडखाराचा वास. जन्म खाडीकडच्या गावातला, त्यामुळे बोलण्यात 'नाय' आणि 'हाय'. मी त्यांना मनातल्या मनात सुधारून घ्यायची. अशी मी शहाणी.

जिना माझ्या खोलीचा, पण पहिल्या दोन वर्षांत काकू तो एकदाही चढल्या नाहीत. माझ्या खिडकीतून दोरीला टोपली बांधलेली होती. सकाळी खालून दोरी हलायची, टोपली ओढली की आत गरम घावन, कधी पोह्याच्या पापडाच्या कच्च्या लाट्या. भाडं त्याच टोपलीतून खाली जायचं. मला वाटे, बाई आळशी आहेत. दिवसभर पोळपाटाशी बसून दहा बायकांना दमवणारी बाई आळशी, असं मला वाटे.

खरी गोष्ट अशी होती की काकूंचे गुडघे गेले होते. मांडी घालून लाटण्यात जन्म गेलेला. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून म्हटलं होतं, "आहेत ते जपून वापरा." दुसरी बाई घरी येऊन रडली असती. काकू खुशीत आल्या. "जपून वापरा म्हणाला," त्यांनी मला सांगितलं, "म्हणजे शिल्लक हाय!"

आणि ती शिल्लक कुठे वापरायची हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. युरोपात.

पैशाचं त्यांना कोडं नव्हतं. पापड मुंबईला जात होते, मुलगे मार्गी लागले होते. कोडं गुडघ्यांचं. म्हणून स्वयंपाकघराच्या फळीवर लोणच्याच्या पाच रिकाम्या बरण्या मांडल्या होत्या, एका देशाला एक, आणि त्यांत चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक जिना. इटलीची बरणी लिंबाच्या लोणच्याची, सगळ्यांत मोठी, काठोकाठ भरलेली, कारण तिथे देवळं उंच आणि लिफ्ट नाही असं त्यांच्या कानावर आलेलं. फ्रान्सला त्याहून कमी. स्वित्झर्लंडची बरणी बोटभर. "तिथं आगगाडीच डोंगरावर चढते म्हणे. पैसे जातात, गुडघे नाय." बेल्जियमला नुसते चार दाणे, कारण तिथे गाडी बदलून पुढे जायचं होतं. इंग्लंडच्या बरणीत मोहरी.

"मोहरी का?"

"तिथं लोक रांगेत उभे राहतात. उभं राहण्याला चिंचोका कसा लावू? महाग पडंल."

गावातलं कुणी परदेशी लेकाकडे जाऊन आलं की काकू भेटायला हजर. लोक अत्तरांचं, चॉकलेटचं, बर्फाचं सांगत. काकू सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, "पायऱ्या किती? आणि कठडा कुठल्या बाजूला?" उजवा गुडघा जास्त वाईट होता, म्हणून कठडा डावीकडे हवा. दाताच्या डॉक्टरांच्या सासूबाई पॅरिस बघून आल्या आणि त्यांना कठडा आठवेना, तेव्हा काकू वाटेत मला म्हणाल्या, "बघ गो. एवढ्या लांब गेली आणि काय नाय बघितलं."

घरात मात्र एकेक चिंचोका वाचवायचा. देवळाला पायऱ्या होत्या, म्हणून देवाला खालूनच नमस्कार. "त्याला ठावं हाय मी का वर येत नाय." माळ्यावरचं काढायला शेजारीण. गावात लोक हसायचे. सर्वांत पुढे मी. बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी काकूंची नक्कल करायची, आणि ती चांगली वठायची हे आज सांगायला नको.

एकदा मी विचारलं, "काकू, एवढे पाच देश कशाला? एकच नीट बघावा. गुडघेही वाचतील."

त्या लाटता लाटता थांबल्या. बाहेरून काकांचा आवाज आला, "अगं ए, चष्मा!" मागच्या अंगणातून एक बाई ओरडली, "काकी, ऊन सरकलं, पापड हलवायचं काय?" काकूंनी दोघांनाही उत्तर दिलं आणि मग मला.

"दिवसातनं किती हाका येतात, मोज कधी. माहेरी आईची हाक, मग सासूची, आता ह्यांची. काशीला गेले, गंगेत बुडी मारून वर आले तर काठावरनं कोण तरी, 'पेणच्या पापडवाल्या काकी ना गो तुम्ही?' मला असं ठिकाण बघायचं हाय, जिथं मला कोण हाक मारायचा नाय."

"मग एक देश पुरेल की."

"एका जागी चार दिवस राहिलं की ओळख होते. ओळख झाली की हाक आली. म्हणून ओळख व्हायच्या आत देश बदलायचा."

मी हसले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. म्हणाल्या, "एकटीला खोली दुप्पट महाग पडते. दोघींत परवडते. येतेस?"

"येते की!" मी म्हणाले. कुणी 'जेवायला ये हं' म्हटलं की आपण म्हणतो ना, तसं. काकूंनी त्याच आठवड्यात मला पासपोर्टाचा फोटो काढायला पाठवलं. अट एकच. प्रवासात मी त्यांना हाक मारायची नाही. काही हवं असेल तर कोपराला हात लावायचा.

मग सराव सुरू झाला. "जे इथं निभत नाय ते तिथं काय निभेल?" म्हणून दर रविवारी एक देश. इंग्लंडसाठी लांब जावं लागत नसे, रविवारही लागत नसे, पोस्टाची रांग होती. इटली म्हणजे पेणजवळचं जोहे गाव. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्तींच्या ओळी लागलेल्या असत. काकू त्यांच्यामधून एकेक पाऊल टाकत फिरत आणि प्रत्येकीपुढे उभ्या राहत, कारण संग्रहालयात बसायला मिळत नाही असं त्यांना कळलं होतं. कारागीर विचारी, "काकी, मूर्ती सांगायची हाय का?" सरावात मराठी बंद, म्हणून काकू नुसतं बोट वर करून 'थांब' म्हणत. बाहेर आल्यावर मला सांगितलं, "इटलीत पण असंच पांढरंच असतं म्हणे. फक्त त्यांचं रंगवायचं राहून गेलंय."

बेल्जियम म्हणजे हमरस्त्यावरचं गडब गाव. एसटीतून उतरायचं, टपरीवर चहा प्यायचा, मागून येणारी गाडी पकडायची. त्या गाडीच्या कंडक्टरने काकूंना चांगलं ओळखलेलं. काकूंनी तिकिटासाठी बोटांनी दोन दाखवले, मग पुढच्या खांब गावाच्या दिशेने हात केला.

"काय गो काकी, आज मुकी झालीस काय?"

काकू गप्प. गाडीतले सगळे वळून बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत, आपण ह्यांच्याबरोबर नाहीच असा चेहरा केलेला.

"अरे देवा, खरंच वाचा गेली का काय? अहो ताई, तुम्ही तरी सांगा!"

"आम्ही परदेशी आहोत," मी दातओठ खाऊन म्हणाले.

"व्हय? मग तिकीट पूर्ण पडंल," असं म्हणून त्याने टकटक करून दोन तिकिटं फाडली. काकू खांब येईपर्यंत आतल्या आत हसत होत्या, खांदे हलत होते. पौषातली सकाळ होती. खांबला आम्ही स्वित्झर्लंडसाठी कानटोप्या घालून एका दगडावर बसलो, डोंगर बघत गार पोळी-भाजी खाल्ली. "बर्फ हाय असं धर," त्या म्हणाल्या.

रोहा म्हणजे फ्रान्स. त्या वेळी रोह्याची आगगाडी नवी होती, म्हणून सामान घेऊन डब्यात चढण्याचाही सराव व्हायचा. नदी होती, पूल होता. काठाकाठाने फिरून झाल्यावर काकू एका पायरीवर बसल्या, पाय पुढे पसरून, गुडघ्यांवर दोन्ही हात. कुंडलिकेला पाणी भरपूर होतं. मग स्वतःच नियम मोडून हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळधरनं कोण हाक नाय मारली. जमतंय गो."

तेवढ्यात पुलावरून कुणी तरी ओरडलं, "ओ पापडवाल्या काकू! इकडं कुठं?"

काकूंनी वर बघून हात हलवला, ख्यालीखुशाली विचारली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "हितं नाय जमायचं. जायलाच पायजे."

त्या संध्याकाळी तरी मला कळायला हवं होतं, की हा खेळ नाही. मी परतीच्या गाडीत सँडलांचा विचार करत होते. काकूंनी दोघींसाठी कॅनव्हासचे बूट सांगितले होते. कॅनव्हासचे बूट घालून पॅरिसात शिरायचं, हे माझ्या पुणेरी आत्म्याला सोसवेना.

मुंबईच्या एका सहल कंपनीत मेमधल्या दोन जागा ठरल्या. मे म्हणजे पापडाचा भर मोसम. युरोपात ऊन पडतं तेव्हाच पेणलाही पडतं, म्हणून इतकी वर्षं काकूंना जाता आलं नव्हतं. या वेळी त्यांनी भाचीला पिठाचं माप शिकवून तयार केली होती. देशागणिक वेगळे व्हिसे, देशागणिक वेगळ्या नोटा. सगळं मार्गी लागलं. आणि होळीनंतरच्या रविवारी, शेवटच्या सरावाला निघताना, मी सँडल घालून जिना उतरायला घेतला.

आईला कळवू नका म्हणून मीच काकूंच्या हातापाया पडले. कळवलं असतं तर नोकरी सुटली असती आणि लग्न लागलं असतं. काकू म्हणाल्या, "बरं." खाली घरभर पापड पसरलेले, म्हणून कुणाकुणाला बोलावून मला उचलून वर नेलं, मांडीपर्यंत प्लास्टर. काकूंनी मुंबईला ट्रंककॉल लावून दोन्ही जागा सप्टेंबरात ढकलल्या. "बरंच झालं. गणपती पण आटोपतील, मोसम पण नसंल." म्हणजे सहल अजून होती. बरण्याही भरलेल्या होत्या.

पण टोपली आता चालेना. ती ओढायला खिडकीशी उभं राहावं लागतं. भाची आणि बायका अंगणात उन्हामागे धावत होत्या, त्यांचा हात मोकळा नव्हता. आणि माझं तोंड धुणं, भांडं देणं-घेणं, ते काकू कुणावर सोपवायला तयार नव्हत्या. "परक्याची पोर हाय. लाज तिची मला राखायची हाय."

म्हणून काकू जिना चढल्या. सकाळी पेज घेऊन, दुपारी ताट, संध्याकाळी पुन्हा. मी पडल्या पडल्या ऐकत असे. कठड्यावर बांगड्यांचा आवाज, मग एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थोडं थांबणं. दारात आल्या की म्हणायच्या, "ही फेरी बेल्जियमातनं आली." दोन दिवसांनी, "आता स्वित्झर्लंड चाललंय." मी हसायची. आजारी माणसाला हसवायला बोलतात असं मला वाटायचं.

आणि मी हाका मारू लागले. आधी पाण्यासाठी, ते ठीक. मग उशी सरकली म्हणून. मग मासिक खाली पडलं म्हणून. हाक मारणं ही तंबाखूसारखी सवय आहे, एकदा चटक लागली की सुटत नाही. पुण्याला आमच्या घरी मी चौथी मुलगी, माझ्या हाकेला कुणी ओ दिली नव्हती. इथे "काकू!" म्हटलं की खाली बांगड्या वाजत. मला ते आवडायला लागलं होतं.

बँकेतला एक जण एके दिवशी बघायला येणार होता. निरोप आला तेव्हा दुपार होती. आरसा खिडकीच्या कट्ट्यावर, माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर. मी अशी हाक मारली, की आज आठवली तरी मला माझेच कान धरावेसे वाटतात. "काकूऽऽ!" जीव चालल्यासारखी.

या वेळी काकू थांबत थांबत आल्या नाहीत. धावत आल्या. हातांना पीठ, पदर सुटलेला, चेहरा पांढरा. "काय झालं गो? पडलीस?"

"आरसा हवा होता," मी म्हणाले.

त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. श्वास लागला होता. मग कट्ट्याशी जाऊन त्यांनी आरसा घेतला, पदराने पुसला, माझ्या हातात दिला. "बघ. नाक हाय तिथंच हाय." आणि वळल्या.

उतरताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आवाज झाला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मग काहीच नाही. बांगड्या नाहीत, पाऊल नाही. मी आरसा धरून ऐकत राहिले. खाली काकांनी हाक मारली, "अगं ए, चहाचं काय झालं?" बऱ्याच वेळाने काकूंचा आवाज आला, जिन्यातूनच. "आले."

त्यानंतर वर भाची येऊ लागली.

प्लास्टर निघून मी खाली आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्या घरात खुर्ची फक्त काकांची असे. फळीवरच्या तीन बरण्या धुऊन उपड्या घातलेल्या. इटलीच्या तळाशी मूठभर चिंचोके राहिले होते. पनवेलचे डॉक्टर या वेळी 'जपून वापरा' म्हणाले नव्हते. मी काही बोलायच्या आत काकूंनी भाचीला सांगून ते चिंचोके तव्यावर भाजायला लावले, सोलले आणि बशी माझ्यापुढे केली.

"खा. टाकायचे कशाला?"

मी खाल्ले. कडक होते, दातात अडकले. दुसरं काय करणार होते?

सप्टेंबरच्या जागा रद्द झाल्या. मी म्हणाले होते, पुढच्या वर्षी जाऊ. काकूंनी मान हलवली. काका ओटीवरून म्हणाले, "या वयात कुठं ती थेरं!" आणि काकूंनी त्यांना पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. इंग्लंडची मोहरी फोडणीला गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या बरण्यांत पुन्हा लोणचं भरलेलं मी पाहिलं. ज्याच्यासाठी आरसा मागितला होता त्याच्याशी माझं लग्न झालं आणि मी पेण सोडलं.

आता विनोद संपत आला आहे. जेवढा होता तेवढा वापरला.

पुष्कळ वर्षांनी त्याच माणसाबरोबर मी इटलीला गेले. मुलं मोठी झाली होती, त्याच्या नव्या कंपनीचं काही काम होतं, जोडून सहल. एका जुन्या देवळाच्या मनोऱ्यात दगडी जिना होता, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. नवरा पुढे गेला. मी अर्ध्यावर थांबून कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. लोक माझ्या बाजूने वर जात होते, मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. मला ते मुळीच नको होतं. ज्या बाईला हवं होतं ती पेणला खुर्चीत बसली होती.

परत आल्यावर मी पेणला गेले. काका वारले होते. काकू ओटीवर त्यांच्याच खुर्चीत होत्या, पाय एका स्टुलावर, हात मांडीवर. आता हाका त्या मारत होत्या, सुनेला. मला ओळखलं, पण आधी माझ्या पायांकडे बघितलं. चपला सपाट होत्या.

"गेलीस म्हणे."

"गेले काकू."

"पायऱ्या?"

"होत्या. पुष्कळ होत्या."

"कठडा कुठल्या बाजूला?"

मला खोटं बोलायचं होतं. उजवीकडे म्हणायचं होतं. ते एवढं सोपं होतं, आणि उभ्या जन्मात मी लहानसहान खोटी कमी बोललेली नाही. पण त्या डोळे लावून बघत होत्या, आणि एवढी वर्षं तो एकच प्रश्न त्यांनी जपून ठेवला होता.

"डावीकडे," मी म्हणाले.

"म्हणजे जमलं असतं," त्या म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघू लागल्या.

मग मी वाटेत एसटीत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. सँडलांचं, प्लास्टरचं, माझ्या सगळ्या हाकांचं, तुमचा युरोप मी बसल्या जागी खाऊन टाकला, असं बरंच. रडलेही. काकूंनी मधे तोडलं नाही. माझं नाक पुसून होईपर्यंत थांबल्या, आणि मग माझ्या कोपराला हात लावून म्हणाल्या,

"बाकीच्या हाकांचं मी काय म्हणत नाय गो. तुझा पाय मोडला होता, माझे चालत होते. ती आरशाची हाक तेवढी परत घे."